आईचा पासवर्ड

४ फेब्रुवारी

धाकट्या,

हाताने लिहिलेलं पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे जिवंत आहेत. सगळे म्हणजे आई आणि मी. मेल केली असती, पण माझी मेल तुझ्यापर्यंत पोचत नाही आणि फोनही लागत नाही. तो बंदोबस्त तूच केलायस, आणि सहा वर्षांत मी त्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. टपाल मात्र कुणाला अडवता येत नाही, म्हणून कागद घेतला.

कळवायचं ते एवढंच, की आईने माझ्या वर्गात नाव घातलंय.

तुला वर्गाचं माहीत नसेल. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांची खोली होती, ती दोन वर्षांपूर्वी ग्रंथपालांनी रिकामी केली. कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेले नऊ संगणक आणून मांडले आणि मला म्हणाले, "तुम्हाला यातलं कळतं ना? मग मोठ्या माणसांना शिकवा. पोरं शिकतात आपली आपण." तेव्हापासून आठवड्यातले पाच दिवस, दहा ते बारा, मी मोठ्या माणसांना शिकवते. हल्ली रांगेचा नंबर, दवाखान्याची वेळ, विजेची तक्रार, सगळं पडद्यावर गेलंय. ज्यांना ते जमत नाही ते आपल्याच गावात परक्यासारखे हात बांधून उभे असतात.

चौकातले सलूनवाले तुला आठवत असतील, तुझ्या डोक्यावर भांडं पालथं घातल्यासारखे केस कापायचे ते. तेही येतात. त्यांच्या दुकानाला इंटरनेटवर कुणीतरी एक तारा दिला होता. दोन महिने ते खुशीत होते. "न मागता दिला हो," असं गिऱ्हाइकांना सांगायचे. पाचपैकी एक दिलाय, हे मी सांगितलं त्या दिवशी ते तडक घरी गेले. दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना दारात हजर. त्या माणसाला त्यांना स्वतःच्या हाताने उत्तर लिहायचंय.

आईचं कारण वेगळं. इस्पितळाच्या धुलाईखान्याचं पेन्शन चालू ठेवायला वर्षातून एकदा आपण हयात आहोत हे सिद्ध करावं लागतं. पूर्वी खिडकीत जाऊन तोंड दाखवलं की भागायचं. यंदा तिथे अंगठ्याचं यंत्र ठेवलंय. आईचा अंगठा यंत्राला दिसलाच नाही. डावा, उजवा, दहाही बोटं लावून झाली. सत्तावीस वर्षं उकळत्या पाण्यातल्या चादरी काढून बोटांवरच्या रेघा कधीच गेल्यात. खिडकीतला कारकून म्हणाला, "आजी, यंत्र म्हणतंय तुम्ही नाही." आई म्हणाली, "मग तू कुणाशी बोलतोयस?"

त्याने सांगितलं की घरून, मेलवर येणारा आकडा टाकूनही हे करता येतं. मी म्हटलं, मी करून टाकते, दोन मिनिटांचं काम आहे. तर म्हणाली, "नको. जिवंत मी आहे, मीच सांगेन."

बाकी ठीक. उत्तराची अपेक्षा नाही.

ताई


१२ फेब्रुवारी

धाकट्या,

मागचं पत्र अजून माझ्या पर्समध्येच आहे. तिकीट लावलंय, पेटीत टाकलेलं नाही. हे लिहून झालं की दोन्ही एकदम टाकीन म्हणते.

आई चार नंबरच्या संगणकावर बसते, खिडकीशी. माऊस धरते तो चादर पिळावी तसा. वर्गात मला 'बाई' म्हणते, बाकीचे म्हणतात म्हणून. पहिल्या दिवशी मी हसले. ती हसली नाही.

काल पासवर्डचा धडा होता. मी नेहमीसारखं सांगितलं की पासवर्ड म्हणजे घराची किल्ली, तो कुणालाही सांगायचा नाही. मुलाला नाही, जावयाला नाही, शिकवणाऱ्या बाईंनाही नाही. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. आईने हात वर केला.

"बाई, माझी मेल आहे म्हणता. तिची किल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे आहे."

"मग तुम्हाला कशी ठाऊक?"

वर्ग हसला. सलूनवाले सगळ्यांत मोठ्याने. मी म्हटलं, खातं मीच उघडून दिलं होतं, पेन्शनच्या कागदांसाठी. उद्या तुमचा नवीन पासवर्ड घालून देते. आई म्हणाली, "घालून देऊ नका, घालायचा कसा ते सांगा."

बारा वाजता वर्ग सुटला. आई सलूनवाल्यांबरोबर पुढे गेली. मी दाराला आतून कडी लावली आणि तिचं खातं उघडलं. सहा वर्षांत तिकडे फिरकले नव्हते. बरंच काही साचलं होतं, बहुतेक जाहिराती. थोडी झाडलोट केली.

आज आईने पासवर्ड बदलला. कळांवर रुमाल धरून, एका बोटाने. सव्वा अकरा वाजता ती हयात असल्याची पावती आली. तिने ती दोनदा वाचली आणि म्हणाली, "तारीख बरोबर आहे."

बाकी ठीक.

ताई


७ मार्च

धाकट्या,

आधीची दोन पत्रं टाकली नाहीत. आता टाकून उपयोगही नाही, कारण मी त्यांत खोटं लिहिलंय. खोटं म्हणजे 'झाडलोट' हा शब्द.

मी तीन मेल पुसल्या. दोन तुझ्या होत्या. बाबा अंथरुणावर होते तेव्हाच्या. घरातला फोन त्यांच्या उशाशी असायचा, तो त्यांनी उचलला तर काय बोलायचं हे तुला सुचत नव्हतं, म्हणून तू आईच्या मेलवर लिहिलंस. 'बाबांचं कळलं. मी येऊ का? तू हो म्हण, उद्या निघतो.' आईला मेल बघता येत नव्हती. बघायचे मी.

तिसरी मेल त्याचं उत्तर होतं. 'येऊ नकोस. तुला बघून त्यांना त्रास होईल. इथे आम्ही आहोत. – आई.'

ते आईने लिहिलेलं नव्हतं, धाकट्या. तिला तुझी मेल आल्याचंच माहीत नव्हतं. उत्तर मी लिहिलं, खाली तिचं नाव घातलं आणि पाठवून दिलं. त्यावर तुझी दुसरी मेल आली, एका ओळीची. 'बरं. तू म्हणतेस तर नाही येत.' नऊ दिवसांनी बाबा गेले.

त्यानंतर तू मला फोन केलास तेव्हा मी म्हटलं, यायला हवं होतंस. तू म्हणालास, आईनेच नको लिहिलं. आणि मी म्हटलं, "आईचं मन तुला कधी कळलं होतं?" हे वाक्य मला आजही तोंडपाठ आहे. त्याच संध्याकाळी तू माझा नंबर अडवलास.

तेव्हापासून तू आईला वर्षातून दोनदा फोन करतोस, तीन-तीन मिनिटं. ती समजते की तू बापावरच्या रागापायी आला नाहीस. तू समजतोस की तिने तुला दारातून परत पाठवलं. दोघंही हवापाण्याचं बोलून फोन ठेवता. मी शेजारी उभी राहून भाजी निवडत असते.

आता कालचं सांगते. काल कचरापेटीचा धडा होता. पुसलेली मेल लगेच जात नाही, तीस दिवस पेटीत पडून असते, तिथून परत काढता येते. हे मी दर तुकडीला शिकवते, कारण माणसं घाबरून भलतंच पुसतात. त्या दुपारी ती पेटी मला रिकामी करता आली असती. एक बटण दाबायचं होतं. ते मी दाबलं नाही. धडा पुढे ढकलता आला असता, तोही ढकलला नाही. का, ते विचारू नकोस. मीही स्वतःला विचारून बघितलंय.

मी सलूनवाल्यांच्या खुर्चीमागे उभी होते. आईने पेटी उघडली. तिथे तुझं नाव होतं. ती वाचायला लागली. ओठ हलवत वाचते ती, तुला आठवत असेल. मला तिचे ओठ दिसत होते. मग मी शिकवलं होतं अगदी तसंच, तिन्हींवर खूण केली आणि 'परत ठेवा' दाबलं.

"बाई," ती म्हणाली, "हे कागदावर निघतं का?"

"छपाईचा धडा पुढच्या आठवड्यात आहे."

"मला येतं थोडं," सलूनवाले म्हणाले आणि उठले. त्यांनी तिला दाखवलं. तीन कागद निघाले. आईने ते घडी करून पिशवीत ठेवले आणि धडा संपेपर्यंत जागेवर बसून राहिली.

घरी ती काही बोललेली नाही. स्वयंपाक तिनेच केला. मला वाढलं.

ताई


१३ मार्च

धाकट्या,

सहा दिवस ती बोलली नाही. म्हणजे 'दूध आणलंस का' आणि 'दार लाव' एवढं बोलायची. काल सकाळी चहा झाल्यावर तिने तिन्ही कागद ओट्यावर मांडले. वर वाटी ठेवली, पंख्याने उडू नयेत म्हणून.

"हे मी लिहिलंय?"

"नाही."

"मग खाली आई कोण?"

मी कपबशा धुवायला घेतल्या.

"तेव्हा मी तुला विचारलं होतं, त्याला कळवलंस का. तू हो म्हणालीस."

"त्याला कळलं होतं."

"शब्दांत पकडू नकोस मला. मी तुझ्या वर्गात नाहीये आत्ता."

मग मी सांगितलं. तिला सांगितलं ते तुलाही सांगते, जसंच्या तसं, कमीजास्त न करता. अकरा आठवडे बाबांना उठवणं, बसवणं, कूस बदलणं मी करत होते. माझी नोकरी त्यात गेली, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. तू त्यांच्या घड्याळाच्या दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांसमोर त्यांना म्हणाला होतास की हे दुकान मेलंय, फक्त टिकटिक चालू आहे. आणि निघून गेलास. तरी रोज सकाळी ते दाराकडे बघायचे ते तुझ्यासाठी. तू आला असतास तर चार दिवस राहिला असतास, आणि पुढे जन्मभर सगळ्यांनी त्या चार दिवसांचंच नाव घेतलं असतं. ते मला सहन झालं नसतं. एवढंच कारण. याहून मोठं काही असेल म्हणून मी खूप शोधलं. नाही सापडलं.

आई म्हणाली, "ते कधी विचारायचे का त्याचं?"

हेच सांगायचं नव्हतं. पण सांगितलं. एकदा विचारलं होतं. तुझी मेल आल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी त्यांची दाढी करत होते तेव्हा. "तो येतोय का?" मी म्हटलं, त्याला रजा मिळत नाहीये. ते म्हणाले, "काम असेल." आणि गाल वर केला, वस्तरा नीट फिरावा म्हणून.

आईने वाटी उचलली, कागद गोळा केले. मी माफी मागितली. ती म्हणाली, "माझ्याकडे नंतर. आधी ज्याची आहे त्याच्याकडे."

मग साडेनऊ वाजले, आणि तिने पिशवी उचलली. मला वाटलं होतं ती आता वर्गाला येणार नाही. माझ्या पुढे चालत होती.

ताई


२ एप्रिल

धाकट्या,

हे तुला माझ्याआधी माहीत आहे, तरी माझ्या बाजूने कसं दिसलं ते लिहिते.

तुला मेल लिहायला आईला चौदा दिवस लागले. रोज दहाला येऊन पडदा असा फिरवून बसायची की तो फक्त भिंतीला दिसावा. अडलं तर सलूनवाल्यांना विचारायची. मला नाही. एक दिवस तिने त्यांना विचारलं, "'क्ष' कुठे असतो हो?" क्ष असलेले किती शब्द आहेत ते मी त्या दुपारी मनात मोजत बसले. रिक्षा, परीक्षा, लक्ष. बाकीचे तूच वाचले असशील.

पंधराव्या दिवशी तिने पाठवलं. पाठवल्यावर हात मांडीवर घेऊन बसली. कपडे वाळत घालून झाल्यावर बसते तशी.

तुझं उत्तर आलं तेव्हा मी दुसऱ्या टोकाला होते. कुणालातरी फोटो कसा जोडायचा ते दाखवत होते. आईच्या खुर्चीचा आवाज झाला म्हणून वर बघितलं. ती उभी राहून वाचत होती. वाचून झाल्यावर खाली बसली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. सलूनवाल्यांनी त्यांचा रुमाल काढून तिच्या कळफलकाशेजारी ठेवला आणि आपलं काम करत राहिले. तू काय लिहिलंस ते मला माहीत नाही. विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

परवा तिने तिकडे यायच्या व्हिसाचा अर्ज भरला. स्वतः. चार पानी आहे तो, माझ्या वर्गातल्या भल्याभल्यांना पहिल्या पानावर घाम फुटतो. तिचं पान तीनदा बंद पडलं, तिने तीनदा पहिल्यापासून भरलं. मी माझ्या टेबलावरून बघत होते. हात शिवशिवत होते, पण उठले नाही.

छपाईयंत्र माझ्या टेबलामागे आहे, तेव्हा कागद माझ्याच हातात आले. वाचायचे नव्हते, वाचले. 'अडीअडचणीला कुणाला कळवायचं' या चौकटीत तिने माझा नंबर घातला होता. 'नातं' या चौकटीत 'मुलगी'. मी कागद सरळ करून तिला नेऊन दिले. "पान दोन आणि तीन उलटसुलट आलीत," एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "बघते मी."

ताई


२९ एप्रिल

धाकट्या,

आई आता तुझ्याकडे आहे. ही सहाही पत्रं एका पाकिटात घालून आज टाकते आहे. आधीच्या पत्रांत जिथे लपवालपवी आहे तिथे तशीच ठेवलीय. खाडाखोड केली नाही.

निघताना ती दारात थांबली. बॅग रिक्षात ठेवून झाली होती.

"त्याला काही सांगायचंय?"

"मी लिहीन."

"लिही," ती म्हणाली. "पण या वेळी स्वतःच्या नावाने लिही."

म्हणून लिहिते. तुझा बाप तुझी वाट बघत होता आणि मी तुला येऊ दिलं नाही. वर आईचं नाव पुढे केलं. याची माफी मी मागते. ती द्यायची की नाही, कधी द्यायची, हे तू ठरव. नंबर अडवलेलाच ठेवलास तरी माझं काही म्हणणं नाही.

पोचल्याचा निरोप तिने वर्गाच्या गटावर टाकला. 'पोचले. मुलगा न्यायला आला होता. बारीक झालाय. चार नंबरचा माऊस अडकतो तो बदलून घ्या.' सोळा जणांना एकच निरोप, त्यात मी एक. वेगळं काही आलं नाही. कधी येणार ते तिने कुणालाच सांगितलेलं नाही. घरात मी एका माणसाचा स्वयंपाक करायला शिकतेय. माप अजून चुकतं.

आणखी एक गोष्ट आहे. आईलाही ती माहीत नाही.

माझ्या टेबलाच्या खणात एक वही होती. वर्गात मी सगळ्यांना सांगायचे की पासवर्ड कुणाला देऊ नका. पण वर्गाबाहेर लोक यायचे आणि म्हणायचे, बाई, आम्हाला नाही जमत, तुम्हीच करून द्या. कुणाचं दवाखान्याचं, कुणाचं नळाच्या अर्जाचं, कुणाचं मुलीच्या शाळेचं. मी करून द्यायचे. परत परत विचारायला नको म्हणून पासवर्ड वहीत लिहून ठेवायचे. सदतीस माणसांचे होते. कुणाच्या घरात काय चाललंय ते बसल्या जागी बघता येईल अशी ती वही होती. मी कधी बघितलं नाही. पण तुझी मेल येईपर्यंत आईच्या खात्यातही मी फक्त पेन्शनचेच कागद बघत होते.

आई गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी एकेकाला बोलावलं. शेजारी बसवून त्याच्याकडूनच पासवर्ड बदलून घेतला आणि वहीतली त्याची ओळ त्याच्यासमोर खोडली. काहींना वाटलं मी काम टाळतेय. एक म्हातारे ग्रंथपालांकडे तक्रार घेऊन गेले की बाई पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. ग्रंथपालांनी मला बोलावून विचारलं. मी म्हटलं, खरं आहे त्यांचं. एक बाई चिडून निघून गेली. तिसऱ्या दिवशी आली आणि बदलून गेली. दोन आठवडे लागले.

सलूनवाले शेवटी राहिले, कारण ते तयारच होत नव्हते. "माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे? असू दे तुमच्याकडेच. मी विसरलो तर?" एक तारा देणाऱ्या त्या माणसाला त्यांनी आता उत्तर लिहिलंय. त्यात स्वतःचं नाव तीनदा आलंय, पण लिहिलंय. मी म्हटलं, तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी बदला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना किती माहीत आहे, आईने त्यांना काय सांगितलंय, मला कळायला मार्ग नाही. न्हाव्याच्या खुर्चीत माणसं सगळं बोलतात आणि ते बाहेर जात नाही, एवढं मला ठाऊक आहे.

ते आज सकाळी आले. खुर्ची पुढे ओढली, जुना पासवर्ड टाकला, नव्याची चौकट उघडली. बोट कळांवर नेलं आणि तसंच ठेवलं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "जरा तिकडे तोंड करता का?"

मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. त्यांना वेळ लागला. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा जमलं. ते झालं म्हणेपर्यंत मी वळले नाही.

ताई